टॅग टीमवाला म्हणजे दुय्यम? रिकी मॉर्टन बघा

प्रो रेसलिंगमध्ये, म्हणजे शोच्या कुस्तीत, "एकट्याच्या जिवावर चालत नाही तोच टॅग टीममध्ये (दोघांच्या जोडीत) जातो" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. रॉक अँड रोल एक्स्प्रेस या जोडीतला रिकी मॉर्टन घ्या. वडील पॉल मॉर्टन याच धंद्यातले. 1983 मध्ये मेम्फिसला रॉबर्ट गिब्सनशी जोडी जमली, 1985 मध्ये एनडब्ल्यूए या अमेरिकी कुस्ती संघटनेचे जागतिक टॅग टीम पट्टे (किताब) मिळाले.

अंगापिंडाने किरकोळ, पण मार खावा तर यानेच! मिडनाइट एक्स्प्रेस या जोडीविरुद्धच्या लढती काढून बघा. बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री त्याला आपल्या कोपऱ्यात तुडवतायत, बाहेरून त्यांचा मॅनेजर जिम कॉर्नेट टेनिसची रॅकेट हाणतोय. मॉर्टन सरपटत गिब्सनच्या हाताजवळ पोचतो आणि पाय धरून परत मागे ओढला जातो. असं दोन-तीनदा झालं की प्रेक्षकांतल्या पोरी रडकुंडीला यायच्या. मग एकदाचा टॅग (हाताला हात लागला की बाहेरचा जोडीदार आत येतो), आणि गिब्सन सुटतो.

एकट्याचंच म्हणाल तर 1986 मध्ये तेव्हाचा जागतिक विजेता रिक फ्लेअरने त्याचं तोंड फरशीवर घासलं, तेव्हा चेहऱ्यावर मुखवटा चढवून हा गडी जागतिक किताबासाठी थेट त्याच्यासमोर उभा राहिला. किताब नाही मिळाला, ते सोडा. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघं जोडीनेच गेले, आणि तिथे त्यांची ओळख करून दिली कॉर्नेटने!