काठी 'लोड' होते, त्याला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : पुतण्याला फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासे पकडायची, काठी चालवायला शिकवतोय. 'रॉड लोड झाला पाहिजे' याला मराठीत काय म्हणायचं? मी 'काठी भरली पाहिजे' म्हणालो, तर तो काठीत काय भरायचं म्हणून विचारायला लागला.

उत्तर : दादा, पुतण्याचा प्रश्न रास्त आहे. 'भरणे' इथे चालणार नाही. भरलेली बंदूक चाप ओढेपर्यंत भरलेलीच राहते. काठीचं तसं नाही. हाताचा वेग वाढतोय तोवरच ती वाकलेली असते, हात थांबला की सरळ होते. 'भारित' शब्द विजेने आधीच घेतलाय आणि 'भारलेली' म्हटलं तर मंतरलेली काठी डोळ्यांपुढे येते.

माझ्या मते इथे दोन शब्द लागतात. दोरीकडून पाहिलं तर काठी भार घेते. तुळई भार घेते म्हणतो तसंच. बँडस्टँडच्या खडकांवरून गळ टाकणाऱ्यांचं शिसं पुढे जातं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, त्याच्यामागे ओढला जातो. इथे पिसांच्या माशीला वजनच नसतं, वजन असतं ते दोरीला. 5 नंबरच्या (हा नंबर वजनाचा) दोरीचे पहिले 30 फूट 140 ग्रेनचे, म्हणजे जेमतेम 9 ग्रॅम. एवढीशी दोरी जागची हलायला तयार नसते, म्हणून शेंडा मागे राहतो आणि काठी वाकते.

काठीकडून पाहिलं तर ती लवते. 'वाकणे' आणि 'लवणे' यांतला फरक मला इथे फार मोलाचा वाटतो. खिळा वाकतो आणि तसाच राहतो. वेत लवतो आणि परत येतो. हे परत येणं 'लवणे'त आहे, 'लवचीक'मध्येही आहे.

प्रतिसाद : म्हणजे धनुष्यासारखं? मग 'ताणणे' का नको?

उत्तर : ताई, धनुष्याची उपमा बरेच जण देतात, पण ती अर्धीच लागू पडते. बाणाला सगळा वेग धनुष्याच्या ताणातून मिळतो. इथे बराचसा वेग हातानं फिरवलेल्या लांब काठीचा असतो, लवण्यातून परत मिळणारा जोर त्यामानाने कमी. लवण्याचं खरं काम वेगळंच आहे. मूठ फिरत असते, त्यामुळे ताठ काठीचा शेंडा कमानीतून जाईल आणि दोरीचा वळसा, म्हणजे हवेत उलगडताना तिला पडणारा बाक, रुंद पडेल. काठी लवली की मधल्या टप्प्यात तिची उंची कमी होते आणि शेंडा जवळजवळ सरळ रेषेत जातो. वळसा अरुंद होतो तो त्यामुळे.

शिवाजी पार्कावर सकाळी गवतावर मी सराव करायचो, माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. पुढे मारताना सुरुवातीलाच हिसका द्यायचो. काठी एकदम खूप लवायची, शेंडा मध्येच खाली जायचा, दोरीचा वरचा पदर खालच्याला छेदायचा आणि लोकर दोरीतच अडकायची. गाठी सोडवण्यात अर्धा तास जायचा. एक दिवस मान वळवून मागे पाहिलं. दोरी मागे पूर्ण सरळ झाली की लोकर हलकेच ठुमकते. त्या क्षणी हात पुढे न्यायला लागलो, सावकाश सुरू करून वेग वाढवत नेला आणि शेवटी मूठ आवळून थांबलो. तेव्हा पहिल्यांदा काठीनं भार घेतल्याचं तळव्याला कळलं. म्हणून पुतण्याला 'जोर लाव' म्हणू नका. 'काठीला भार घेऊ दे, मग थांब' म्हणा.

प्रश्न : 'लवणे' पटलं, तेच वापरतो. आणि 'कास्ट'ला? माशी 'फेकणे'?

उत्तर : शिसं फेकतात, पाग म्हणजे हातजाळं फेकतात. 'फेकणे' म्हटलं की हात आपोआप हिसका देतो, हा माझा अनुभव. मी 'दोरी उलगडणे' म्हणतो. वळसा पुढे सरकत सरकत उलगडतो, आणि शेवटी माशी पाण्यावर येऊन बसते.