उन्हाळ्याचं लाईट बिल कसं आवरता? आपापले अनुभव लिहा

औसेकर
काल गावाकडून भावाचा फोन आला, जुनं माळवद, म्हणजे मातीच्या छताचं घर, उतरवायलेत म्हणून. तेव्हापासून डोक्यात तेच घर. दोन हात रुंद भिंती, वर तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांची किलच आणि पांढरी माती. मे महिन्यात बाहेर 43 असलं तरी आजी ढेलजेत भुईवर निवांत झोपायची. उजेडाला छतात सानं, म्हणजे झरोका होता, दुपारी बल्ब लागत नव्हता. आता लातुरात स्लॅबचं घर. रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम. यंदा गच्चीला चुन्याचे दोन हात मारले, वरच्या खोलीत फरक कळतो. तुम्ही काय करता?

परभणीची सून
कूलर!! दुसरं काय. पण खिडकी उघडी ठेवून. सासूबाई दारं-खिडक्या लावून कूलर लावायच्या, मग सगळी खोली चिकचिक.

जालनेकर
बरोबर. हवा बाहेर जायला वाट पाहिजे. घरचा कूलर दीड-दोनशे वॅट घेतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून कूलर भागवतो. मिरग निघाला, पावसानं हवा दमट झाली की मात्र त्याचा उपयोग नाही.

गोदाकाठ
आमचे बंधू 18 वर एसी लावून वर वाकळ घेतात 😄

जालनेकर
24 वर ठेवा म्हणावं. एका अंशाला साधारण 6 टक्के वीज वाचते.

लातूरची मावशी
कूलर बोलायला सोपा. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमचा कूलर माळ्यावर होता. प्यायला घागर मिळेना, कूलरला कुठून घालणार? पोरं ओलं धोतर खिडकीला बांधून झोपायची. धुण्याचं पाणी मी अजूनही झाडाला घालते. पाणी वाचलं की मोटर कमी चालते, तेही बिलातच येतं. टाकी भरून वाहायलीय आणि मोटर चालूच, हे दिसलं की जीव तुटतो माझा. शेजाऱ्यांना सांगून सांगून थकले.

उमरग्याची ताई
माळवद थंड असायचं, खरं आहे. पण 30 सप्टेंबर 1993 ला पहाटेच्या भूकंपात तीच माती आणि तेच दगड आमच्या माणसांच्या अंगावर आले. माझ्या आईला माळवदाखाली आजही झोप येत नाही. येऊ द्या बिल थोडं जास्त. गारव्याला पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब लावा, उन्हं कलली की भिंतीवर सावली पडते.

औसेकर
ताई, खरंय तुमचं. भाऊसुद्धा त्याच भीतीनं उतरवतोय.

मीटरवाले काका
एक गोष्ट नीट समजून घ्या. 100 युनिटच्या पुढं गेलं की सगळं बिल महाग होतं असं लोक म्हणतात, तसं नाही. वरच्या युनिटांनाच पुढचा दर लागतो. पण तो जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून 101 ते 300 मधलं एकेक युनिट वाचवण्यात खरा पैसा आहे. जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॅटचा. दिवसरात्र फिरणारा पंखा आधी बदला, कधीतरी लागणारा राहू द्या. आणि महिन्याला एका ठरलेल्या तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. आमच्या वाड्यात एकाला मीटर न वाचताच सरासरी बिल लावलं होतं, फोटो दाखवल्यावरच दुरुस्त झालं.

बीडचा पोरगा
सोलर बसवलंय का कुणी? 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी म्हणतेत

गोदाकाठ
आम्ही बसवलं. धूळ लई बसते, पॅनल सकाळी गार असतानाच पुसायचे. तुरीचं खळं शेजारी असेल तर बघूच नका. वर पाण्याच्या टाकीची सावली पडायला नको, एवढं बसवणाऱ्याकडून आधी बघून घ्या.

परभणीची सून
गॅसचं पण लिहू का? तुरीची डाळ अर्धा तास भिजवली की शिट्ट्या कमी लागतात. शिट्टी झाली की आच बारीक. आंघोळीला तुराट्यांवरचा बंब, गीझर फक्त पाहुण्यांना 🙏

लातूरची मावशी
तुराट्या मिळतात तुम्हाला अजून? आमच्याकडं आता मशीननं तूर काढतेत, सगळा भुसाच होतो.

परभणीची सून
माहेरून येतात मावशी. बाबा ट्रॅक्टरमध्ये टाकून देतात, सोबत लोणचं 😊

बीडचा पोरगा
विषय सोडून विचारतो, कूलरची मोटर घूं घूं करते पण पाणी वर चढत नाही. बोअरचं पाणी आहे

जालनेकर
क्षार बसलाय. खालची जाळी काढ, फिरकी लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी ब्रशनं घास.

बीडचा पोरगा
लिंबूसत्व किराण्यात मिळेल का?

जालनेकर
मिळतं. आधी प्लग काढ, मगच हात घाल.