मिल लॅक्सचा मोठा वॉलाय: सोनार की संधिप्रकाश?

गोठलेला गळ: काल 'सेंट पॉलकर' यांनी लिहिलं की मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याच्या बर्फावर मोठा वॉलाय (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) हवा असेल तर लाइव्ह सोनार (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्या, बाकी सगळं जुनाट. वाचून डोकं फिरलं. या तळ्यात २००५ साली झेब्रा शिंपले सापडले, ते पाणी गाळत राहतात आणि तळ आता स्वच्छ दिसतो. वॉलायच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला लहान मासे दिसतात, त्यांना तो दिसत नाही. मग भर दुपारी तो तुमच्या आमिषाला कशाला तोंड लावेल? डिसेंबरात साडेचारला सूर्य बुडतो. तीनच्या आत बर्फात सगळी भोकं पाडून घ्या, ऑगर (भोकं पाडायचं यंत्र) बंद करा आणि बसा. तंगूस बारीक, फ्लोरोकार्बनचा. चमच्याला (धातूच्या चकचकीत आमिषाला) मिनोचं, म्हणजे छोट्या माशाचं, फक्त डोकं. माझे २४ इंचांवरचे सगळे मासे सूर्यास्ताच्या आगेमागे तासाभरात लागलेत.

सेंट पॉलकर: तुम्ही तासभर बसता, मी मासा शोधतो. गेल्या जानेवारीत दुपारी दोनला २६ इंची मादी काढली. ढगाळ दिवस होता आणि बर्फावर फूटभर हिम होतं, हेही सांगतो.

गोठलेला गळ: म्हणजे खाली अंधारच होता! माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत.

देवगडकर: त्या २६ इंचीचं पुढे काय केलंत? थंडीत मादीच्या पोटात गाबोळी भरलेली असते. आमच्या आईने गाबोळी तळली की घरात भांडणं व्हायची. इथले लोक मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. अन्नाशी हा खेळ मला पटत नाही.

सेंट पॉलकर: सोडली. तेवढी मादी वाढायला दहा-बारा वर्षं लागतात आणि एप्रिलमध्ये ती लाखांनी अंडी घालते. मिल लॅक्सचे नियमही वेगळे आहेत, मोसमागणिक बदलतात. आधी ते वाचा, मग तव्याचं बोला.

देवगडकर: नियम मी मोडत नाही, मला शिकवू नका. सोडलेली जगते का, एवढंच सांगा.

डुलुथची ताई: आता मुद्द्यावर आलात. वॉलायला पोटातल्या पिशवीतली हवा पटकन सोडता येत नाही. तीस फुटांहून खोलातून झरझर वर ओढलात तर पिशवी फुगते, कधीकधी पोटातलं तोंडाशी येतं. असा मासा सोडला तरी भरवसा नाही. वर उणे वीसच्या वाऱ्यात त्याला फोटोसाठी धरून ठेवायचं. डोळे आणि कल्ले गोठतात हो! सोडायचाच असेल तर उथळ पाण्यात गळ टाका, मासा भोकाबाहेर काढूच नका, आकडी पाण्यातच सोडवा. मी एकदा ३४ फुटांवरून मोठी मादी काढली. सोडली तर बुडेचना, भोकात आडवी तरंगत राहिली. अर्धा तास तिच्याजवळ बसले होते. तेव्हापासून खोल जात नाही.

सेंट पॉलकर: माझी तिसाच्या आतलीच होती.

डुलुथची ताई: सोनारवर खोल कपारीतला मोठा ठिपका दिसल्यावर तुम्ही थांबता का? या यंत्रावर माझा राग त्यासाठीच आहे. पूर्वी तो मासा आपल्याला सापडतच नव्हता.

सेंट पॉलकर: प्रत्येक वेळी थांबलो, असं म्हणणार नाही.

गोठलेला गळ: ताई, तुमचं उथळ पाण्याचं पटतं. संधिप्रकाशात मोठे मासे स्वतःच दगडी उंचवट्यांवर आठ-दहा फुटांत चढतात. फक्त वर स्वच्छ काळा बर्फ असेल तर पावलं जपून टाका. तुमची सावली आणि बुटांचा आवाज, दोन्ही खाली पोचतं. भोकाभोवती हिम पसरा.

सेंट पॉलकर: पण आठ फुटांत सोनारचा झोत पसरायला जागा मिळत नाही. हे खरं आहे, मनाविरुद्ध लिहितोय.

देवगडकर: माझा प्रश्न तसाच राहिला. मोठी सोडायची हे ताईंमुळे मान्य. मग नियमात बसणारे दोन घरी नेले तर यापुढे मला कुणी रानटी म्हणायचं नाही. मागच्या हिवाळ्यात किनाऱ्यावर एकाने तोंडावर म्हटलं होतं, आणि तो मराठीच होता.

डुलुथची ताई: कुणी म्हणणार नाही. येताना तिरफळ आणा, इथे मिळत नाही.