गंगाखेडची गंगा: तुम्ही पाहिलेली, तुम्ही ओलांडलेली (अनुभव धागा)

गंगथडी

आमच्या गावात गोदावरी कुणी म्हणत नाही. "गंगेला पाणी आलं", "गंगेवर धुणं नेलंय", "गंगेच्या पलीकडं दिलीय तिला". चौथीच्या पुस्तकात गोदावरी वाचली तेव्हा ती दुसरीच कुठली तरी नदी असेल असं मला वाटलं होतं.

मागच्या महिन्यात लेकीला शाळेत 'आपल्या गावाचा नकाशा' काढायला सांगितला. ती पुण्यात वाढलेली. तिनं फोनवर विचारलं, बाबा, नदी गावाच्या कुठल्या दिशेला? मला पटकन सांगता येईना. आम्ही पूर्व-पश्चिम कधी वापरलंच नाही. पाणी येतं ती बाजू 'वर', जातं ती 'खाली'. परळीकडं 'डोंगराकडं', परभणीकडं 'पैलथडी'. एवढ्या चार शब्दांवर अख्खं गाव चालायचं. मग मीच कागद घेऊन बसलो: उत्तरेला नदी, दक्षिणेला बालाघाट, नदीच्या उजव्या काठावर गाव, वरती पश्चिमेला पैठण आणि खाली पूर्वेला नांदेड.

नकाशा झाला, पण त्यात काही उतरलं नाही असं वाटत राहिलं. वाळू, झिरे, डोह, पुराचा वास. म्हणून हा धागा काढतोय. गंगाखेडचे असा, पैलथडीचे असा, डोंगरपट्टीतले असा की फक्त दशक्रियेला येऊन गेलेले असा, स्वतः पाहिलेलं लिहा. संत जनाबाईंचं गाव, दक्षिण काशी हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जमीन, पाणी आणि हवा हवीय.

पैलथडीची लेक

माझं माहेर नदीच्या परभणीकडच्या काठाला, सासर गंगाखेडात. मधे फक्त गंगा.

आमच्या माहेरच्या शेतातून गंगाखेड पूर्ण दिसायचं. घाटाच्या पायऱ्या, देवळांचे कळस, मागे बालाघाटाची निळी रेघ. संध्याकाळी घाटावर दिवे लागले की आई म्हणायची, चला, जेवायची वेळ झाली. लग्न होऊन इकडं आले आणि पहिल्याच दिवशी घाटावर उभी राहून माहेर शोधायला लागले, तर काहीच दिसेना. पलीकडं सगळं सपाट. काळं रान, बाभळी आणि आभाळ. सासर माहेरातून दिसायचं, पण माहेर सासरातून दिसत नव्हतं. त्याचं किती रडू आलं होतं ते अजून आठवतंय. नंतर कळलं, इकडचा काठ उंच आहे आणि गावामागे डोंगर आहे म्हणून ते लांबून उठून दिसतं. आमचं गाव काळ्या मातीत मिसळून गेलेलं.

पुलावरून जाणं म्हणजे लांबचा वळसा होता. होळीनंतर पाणी गुडघ्याएवढं व्हायचं, मग आम्ही सरळ पात्रातून चालत यायचो. आधी वाळू, मग थोडं पाणी, मग परत वाळू. दुपारी वाळू अशी तापायची की पळसाची पानं पायाला बांधायचो. पावसाळ्यात नाव. नाव कधी सरळ यायची नाही. नावाडी आधी काठाकाठानं पुष्कळ वर न्यायचा, मग सोडायचा, आणि धार आपणहून घाटाला आणून लावायची. लहानपणी मला वाटायचं हा उगीच लांबून नेतो.

निवृत्त मास्तर

ताई, नावाड्याचं गणित तुम्ही चांगलं टिपलं. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि वेग व दिशा समजावताना मुलांना हेच उदाहरण द्यायचो.

काठाचंही तुमचं निरीक्षण बरोबर आहे. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा, दक्षिणेला बालाघाट, मधे गोदावरीचं रुंद खोरं. आपलं गाव त्या खोऱ्याच्या दक्षिण कडेला आहे. म्हणून एका बाजूला खोल काळी जमीन आणि दुसऱ्या बाजूला थोडं चढलं की मुरूम. दोन्ही एकाच खडकाची लेकरं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा बेसाल्ट झाला. डोंगरावर तो झिजतो, माती वाहून खाली येते. वर राहतो मुरूम, खाली साठते काळी.

काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काळीत घर टिकत नाही. जुनी गावं पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, बसली ती यासाठी. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरायचीही पांढरीच माती. आमच्या वाड्याचं माळवद दर मृगाच्या आधी वडील स्वतः चोपून घ्यायचे. ती माती पाणी आत सोडत नाही हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

वर्गात मुलांचे डोळे मोठे व्हायचे ती गोष्ट अशी. बालाघाटावर पाऊस पडला की उत्तर उताराचं पाणी आपल्या गंगेत येतं. डोंगराच्या पलीकडचं मांजरेला जातं. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटातच उगम पावते, लांब आग्नेयेला जाते, मग उत्तरेकडं वळते आणि तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. म्हणजे माथ्यावर हातभर अंतरानं पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर वेगवेगळे हिंडून शेवटी एकाच पाण्यात. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मग ते एकमेकांना ओळखतात का?" मला आजही त्याचं उत्तर नाही.

टरबूजवाडी

मास्तर, तुमी खडकाचं सांगितलं, मी वाळूचं सांगतो.

आमच्या चुलत्याची गंगंत वाडी असायची. दिवाळीनंतर पाणी उतरलं की जागा धरायची. वाळूत लांब चर काढायचे, ओल लागंस्तोर. त्यात शेणखत, वर थोडी गाळाची माती, मग बी. टरबूज, खरबूज, काकडी. थंडीत वेल लहान असतेत म्हणून वाऱ्याच्या अंगानं तुराट्या रोवून आडोसा करायचा. एकदा मूळ ओलीला गेलं की वेल वाळूवर कसा पळायचा ते बगण्यासारखं. वाळू दिवसा तापती, रातच्याला गार पडती, त्यानंच फळाला गोडी येती असं चुलते म्हणायचे. चैत्रात आमी वाडीतच झोपायचो, खोपी करून. कोल्हे यायचे. कोल्ह्याला पिकलेलं फळ बरोबर कळतंय, कच्च्याला तोंड लावत नाही.

आता वाडी नाही. वाळू राहिली नाही तर वाडी कशात करायची? उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत. जिथं वाळू व्हती तिथं आता चिकण गाळ, त्याच्यावर बेशरमाची झाडं. आमच्या पोरांना गंगंतलं टरबूज ठावूक नाही. हे लिहिताना जीव तुटतोय.

वाटीभर

झिऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वाहत्या पाण्यापासून चार पावलांवर वाळूत हातानं खड्डा करायचा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं. मग तळाला नितळ, थंड पाणी जमायला लागतं. ते वाटीनं घागरीत भरायचं, वर पातळाचा पदर. एका घागरीला पाऊण तास लागायचा, पण ते पाणी प्यायलेला माणूस दुसऱ्या पाण्याला नावं ठेवायचा. पाणी वाळूतून गाळून येतं म्हणून ते तसं असायचं. आणि नदी वरून कोरडी दिसली तरी वाळूच्या पोटात पाणी असायचं, मे महिन्यातसुद्धा. आमच्या आजीच्या भाषेत गंगा आटत नव्हती, "आत जाऊन बसायची".

परळी पॅसेंजर

मी कामासाठी कित्येक वर्षं परभणी–परळी गाडीनं ये-जा केली. पोखर्णीपर्यंत खिडकीतून सरळ क्षितिज, कापूस, तूर, सोयाबीन. मग गंगेचा पूल. डबा कितीही गच्च भरलेला असो, पुलावर बोलणं थांबतं. बायका हात जोडतात, कुणी नाणं टाकतं. तेवढ्या वेळात वर्षाचा महिना कळतो: आषाढात चहाच्या रंगाचं पाणी, कार्तिकात निळसर, फाल्गुनात दोन-तीन धारा आणि मधे वाळू.

गंगाखेड सोडलं की रान बदलतं. शेतात दगड दिसायला लागतात, बांध दगडांचे, पळस वाढतात. मार्चमध्ये तो पट्टा केशरी असतो. पुढे परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या. त्या केंद्राला पाणी गंगेचंच, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. त्या साली पुलावरून खाली बघवत नव्हतं.

ओढ्याकाठचे घर

माझा अनुभव ऑगस्ट २००६ चा. मी तेव्हा अकरावीत.

पैठणहून पाणी सोडल्याची बातमी आधी आली. जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक सुटलं होतं. लोक पूर बघायला घाटाकडं गेले. आमचं घर घाटापासून लांब, ओढ्याच्या बाजूला, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वडील म्हणाले, आपल्याकडं यायला गंगेला सगळं गाव ओलांडावं लागेल.

ती गाव ओलांडून आलीच नाही. ओढ्यातून आली. पहाटे आईनं चूल पेटवायला दार उघडलं तर ओढा उलटा वाहत होता. पाऊस थांबलेला, आवाज नाही, लाट नाही. पाणी नुसतं चढत होतं, एकेक पायरी. आम्ही धान्याची पोती माळवदावर चढवली, म्हैस सोडून दिली. संध्याकाळपर्यंत चुलीवर पाणी होतं. पाणी उतरल्यावर घरात घोट्याएवढा गाळ, आणि तो वास. ओल्या मातीचा चांगला वास नाही, कुजलेल्या कडब्याचा. दिवाळीपर्यंत भिंतीतून येत होता. म्हैस तिसऱ्या दिवशी स्वतः परत आली. आई तिच्या गळ्यात पडून रडली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा पूर आले तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. आईला फोनवर पहिलं हेच विचारलं: ओढा कुठल्या बाजूला वाहतोय?

निवृत्त मास्तर

याला फुगवटा म्हणतात. मोठी नदी तुडुंब असली की ओढ्याला आपलं पाणी तिच्यात टाकता येत नाही, उलट नदीच ओढ्यात शिरते. त्यात आपल्याकडं नुसतं पैठणचं पाणी येत नाही. माजलगाव धरणातून सुटलेली सिंदफणा मंजरथला येऊन मिळते. दोन्हीकडून एकदम सुटलं की फुगवटा वाढतो. तुमच्या आईंनी ओढ्याची दिशा पाहिली हेच खरं मोजमाप. नव्या वस्त्या ओढ्याच्या कडेनं उभ्या राहताना पाहतो तेव्हा मला काळजी वाटते, आणि ते मी भेटेल त्याला सांगतो.

डोंगरपट्टी

आम्ही राणीसावरगावकडचे. गंगाखेड आमचा तालुका, पण गंगा आमची नाही.

आमच्या माळावरून पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असली की लांब खाली तिची रेघ चमकताना दिसायची. आणि इथं घरात पाणी टँकरचं. जमीन वीतभर, खाली मुरूम. पाऊस पडला की तासाभरात ओढा भरून खाली, गंगेला. आम्ही फक्त जाताना बघायचं. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते या जमिनीमुळंच. तरी डोंगराला फक्त दुःखच आहे असं लिहू नका. सीताफळं आमचीच. आश्विनात झाडाखाली नुसता वास. आणि उन्हाळ्यात रात्री तुमच्या गावात उकाड्यानं झोप लागत नाही तेव्हा आमच्या माळावर गोधडी लागते.

गंगथडी

भाऊ, हे लिहिलंत म्हणून बरं झालं. मी नकाशात डोंगर नुसता तपकिरी रंगवला होता. तिथून निघणारे ओढे काढलेच नव्हते. आज काढतो.

पाणकावळा

जांभूळबेट पाहिलंय का कुणी? पालम तालुक्यात, गंगेच्या मधोमध. आम्ही कॉलेजचे चौघे होडीनं गेलो होतो. जांभळांची दाट सावली आणि मोरांचे आवाज, दोन्ही बाजूंनी पाणी. काठाची माती मात्र ढासळतेय, झाडांची मुळं उघडी पडलेली दिसली. पौषात पहाटे गेलात तर चक्रवाकांच्या जोड्या दिसतील, नारिंगी-तपकिरी, आवाज लांबून ऐकू येतो. वर ढालेगाव, मुदगल आणि खाली दिग्रस असे बंधारे झाल्यापासून साठ्यात हिवाळ्यात पाणी राहतं, त्यावर बदकं उतरतात. वाळूवर अंडी घालणारी टिटवी आणि नदीसुरय मात्र मला दरवर्षी कमी दिसतात. साधी वाळूची पट्टी लागते त्यांना, दुसरं काही नाही.

जिंतूरकर

मी गंगाखेडला आयुष्यात एकदाच आलो, वडिलांच्या अस्थी घेऊन. वैशाख होता. पाणी घाटापासून लांब सरकलेलं. पायऱ्या संपल्यावर बरंच चालावं लागलं, पायाखाली गाळाच्या वाळलेल्या खपल्या. गुरुजी म्हणाले, कमरेएवढं पाणी आहे तिथं सोडा. मी चालत गेलो, चालत गेलो, पण पाणी गुडघ्याच्या वर येईना. शेवटी एक भोईदादा जाळं बाजूला ठेवून आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "इकडं या, डोह इथं हाय." खरंच दोन पावलांवर पाणी छातीला लागलं. तळाचं पाणी थंड होतं. वडिलांना तिथं सोडलं.

त्या दादांना पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. परत जाळ्याकडं गेले.