पाण्याखालचा रोलवाला स्वस्त कॅमेरा: कोणी वापरलाय का? अनुभव येऊद्यात

काल कपाट आवरताना निगेटिव्हचं जुनं पाकीट सापडलं, उजेडात धरून बघितलं आणि एकदम तो पारदर्शक डब्यातला कॅमेरा आठवला. डब्याला रबराचा पट्टा, बाजूला भलामोठा खटका, फ्लॅश नाही, २७ फोटो, संपला की अख्खा कॅमेराच लॅबमध्ये द्यायचा. पहिले चार तर मी काठावर बसूनच उडवले, त्यातले दोन स्वतःच्या पायाचे. पाण्यात गेल्यावर खटका दाबला की नाही तेच कळेना, म्हणून एकच फोटो तीनतीनदा. धुऊन आले तर बरेचसे नुसते निळे, पण एकात बहीण आहे, केस सगळे वर, डोळे गच्च मिटलेले, नाकातून बुडबुडे. तुमचं काय झालं?

पाणकोंबडी
ओ-रिंगवर (डब्यात पाणी शिरू न देणारी रबरी कडी) एक केस. एकच. रोलचं सरबत.

अर्धवटराव
😂😂 आमचा सगळ्यात शार्प फोटो अंगठ्याचा आहे

निळीशाई
मी मुद्दाम लालभडक स्विमसूट घातलेला, उठून दिसावा म्हणून. फोटोत मातकट. रोल जुना होता का?

खोलपाणी
@निळीशाई रोल नाही गं, पाणी लाल रंग आधी गिळतं, पाचेक मीटरवर तो जवळजवळ गेलेलाच असतो. या कॅमेऱ्यांत ८०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल असतो, तरी उजेड पुरत नाही. वरवरच राहायचं, भर दुपारी, ऊन पाठीवर घेऊन. आणि फोकस फिक्स, साधारण मीटरभराच्या आतलं सगळं धूसर. त्यात पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, कॅमेऱ्यालाही, म्हणून थोडं मागेच राहायचं. माझा मासा इतका जवळ आला की श्वास रोखून फोटो काढला, आला काय तर चांदीचा डाग.

अर्धवटराव
श्वास तसाही रोखावाच लागतो ना दादा

गुळाचागणपती
भाच्याने आत काय आहे बघायला अर्ध्यात उघडला. मी डोक्याला हात लावला पण काढलेले सगळे वाचले! यात रोल आधीच बाहेर गुंडाळलेला असतो म्हणे, एकेक फोटो झाला की डबीत परत जातो. गेले ते न काढलेले. भाचा अजून म्हणतो मीच वाचवले.

निळीशाई
कुणाला खाली गेल्यावर कान दुखतात का? मला दोन मीटरलाच

पाणकोंबडी
@निळीशाई नाक धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी. सर्दी असेल तर जाऊच नकोस.

जुनाखोड
आमच्याकडे निकॉनोस होता, निकॉनची पाण्याखालच्या कॅमेऱ्यांची १९६३ साली आलेली मालिका, तिच्यापुढे हे खेळणं. पण खरं सांगतो, तो पाण्यात न्यायचीच भीती वाटायची, खेळणं मात्र मजेत वापरलं.

खोलपाणी
@पाणकोंबडी पुढच्या वेळी पाणी शिरलं तर रोल वाळवू नका, चिकटतो. गोड्या पाण्यात बुडवून तसाच लॅबला न्या आणि आधी सांगा, काही जण घेत नाहीत.

पाणकोंबडी
हे तेव्हा कुठे होतात हो, मी उन्हात वाळत घातला होता. चिमटे लावून.

धागाकर्ता
चिमटे 😂😂 बहिणीला तो फोटो पाठवला, म्हणते मी नाहीच ती