मुलांना भूगोल कसा शिकवलात? नाशिक जिल्ह्यातले अनुभव लिहा

प्राथमिकला भूगोल वेगळा विषय नसतो, तो परिसर अभ्यासातून येतो, आणि तिसरीला तर पुस्तकच आपल्या जिल्ह्याचं असतं. तरी कितीतरी मुलं "गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते" हे घडाघडा म्हणतात आणि घरासमोरचा नाला पुढं कुठं जातो विचारलं की गप्प. मला मनापासून वाटतं की नकाशा आधी पायाखाली कळायला हवा, मग कागदावर. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, कुणीही लिहा, फक्त काय केलं ते नीट सांगा म्हणजे दुसऱ्याला करून बघता येईल.

जि.प. शिक्षिका, त्र्यंबकेश्वर तालुका

आमची पोरं डोंगरातली, त्यांना उतार शिकवावा लागत नाही. पाऊस जरा उघडला की मैदानात ओल्या मातीचा लांबट ढीग करतो, पश्चिमेची बाजू फावड्यानं सरळ तासायची, पूर्वेची लांबपर्यंत पसरट ठेवायची आणि वरून झारीनं पाणी सोडायचं. पाणी दोन्हीकडं पळतं. मग सांगते, पूर्वेला गेली ती ब्रह्मगिरीवरची गोदावरी, आणि याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला जाते, तिचं पाणी मुंबईवाले पितात. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत ८० किमीच्या आसपास, पण गोदावरी त्याच्याकडं पाठ करून १४६५ किमी चालते, पैठण, नांदेड, मग तेलंगण, आणि आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढं फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. जवळचा समुद्र सोडून एवढ्या लांब का गेली, हे पोरं दरवर्षी विचारतात. मी उत्तर देत नाही, ढिगाकडं बोट दाखवते, कारण तो कडा आणि ते पठार त्यांनीच हातानं केलेलं असतं. एका मुलीनं विचारलं, बाई, बरोबर मधल्या धारेवर पडलेला थेंब कुणीकडं जाईल? तेव्हा फळ्यावर "जलविभाजक" लिहिलं. आधीच लिहून दिलं असतं तर नुसतं पाठ झालं असतं.

पालक, पंचवटी

आमच्याकडे पूर म्हणजे गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं आणि माझ्या मुलाला पाणीपातळी मोजणं म्हणजे काय ते तिथंच कळलं. पण खरी गंमत आली गंगापूर धरणाच्या विसर्गाची बातमी ऐकताना. बाबा, क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या जरा वर, आमच्या बाथरूममधल्या बादलीनं मोजलं तर जवळजवळ दोन बादल्या. मग तो स्वतःच बोलला, १० हजार क्युसेक सोडलं तर सेकंदाला वीस हजार बादल्या! त्यानंतर घाटावर गर्दी करून पूर बघायला जाणाऱ्यांना तोच सांगत सुटला की लांबून बघा.

शिक्षक, इंदिरानगर

नकाशा कायम भिंतीवर टांगलेला, त्यामुळं उत्तर कुठं विचारलं की मुलं छताकडं बोट करतात. म्हणून मी तो जमिनीवर अंथरतो आणि आधी दिशा काठीनं शोधायला लावतो. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायची, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली जिकडं पडली ती उत्तर. बाराच्या ठोक्याला सावली आखूड होईल असं सगळ्यांना वाटतं, पण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०' रेखावृत्तावर लावलेली, आपण ७४° च्या जरा अलीकडं, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून नाशिकला मध्यान्ह साधारण साडेबाराच्या सुमारास होते. चौथीची पोरंसुद्धा हा हिशोब करतात, करू द्या. हे दिवाळीनंतरच करा मात्र. आपण २० अंश उत्तरेला, त्यामुळं मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो आणि आखूड सावली चक्क दक्षिणेला पडते. २२ डिसेंबरला तीच सावली जवळपास काठीएवढी लांब असते. उत्तर सापडली की मग दिंडोरी रोड, पेठ रोड, पुणे रोड कुणीकडं ते मुलं आपोआप सांगतात.

निवृत्त शिक्षिका, येवला

मी पर्जन्यमापक करून घ्यायचे. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यावी, गळ्याचा भाग कापून उलटा बसवावा, तळ खडबडीत असतो म्हणून खडे नि पाणी भरून शून्याची रेघ मारावी. इगतपुरीला एक मैत्रीण शिक्षिका होती, संध्याकाळी फोनवर आकडे सांगायचो. तिकडं वर्षाला ३००० मिमीच्या वर, आमच्याकडं कसाबसा ५००-६००. जिल्हा एकच! पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी पडणं, आमच्या मुलांना टँकरमुळं आधीच माहीत होती, आकडा त्या बाटलीनं दिला.

ट्रकचालक, पिंपळगाव बसवंत

मी शिक्षक नाही पण लिहितो. कांदा, द्राक्षं घेऊन आग्रा रोडनं दिल्लीकडं जातो. पोरगी चौथीला आहे, तिच्यासाठी भारताचा मोठा नकाशा आणला आणि ठरवलं की पूल ओलांडला की पुढच्या ढाब्यावरून फोन करायचा. मालेगावच्या अलीकडं गिरणा, शिरपूरच्या आधी तापी, खलघाटला नर्मदा, धौलपूरला चंबळ. ती पेननं खूण करते आणि विचारते, पप्पा पाणी कुणीकडं चाललंय? म्हणून आता मी पुलावर पाण्याकडं बघतो, वीस वर्षं त्याच रस्त्यानं जातोय पण तापी आणि नर्मदा पश्चिमेला जातात हे तिनं विचारलं म्हणून बघितलं. चंबळ मात्र तिला कोड्यात पाडते, ती समुद्राला न जाता यमुनेला मिळते. मग यमुना कुठं जाते, गंगा कुठं जाते, असं करत ती परत बंगालच्या उपसागरापाशी आली आणि म्हणाली, म्हणजे आपली गोदावरी आणि चंबळ एकाच समुद्रात?

जि.प. शिक्षिका, त्र्यंबकेश्वर तालुका

दादा, हे वर्गात करायचंय मला. पुढच्या खेपेला पुलावरून पाण्याचे फोटो पाठवाल का? पूल आणि गाव लिहून पाठवा, दिशा मुलांना शोधू दे.