मदत हवी आहे: पुण्यात पर्वतीजवळच्या प्रौढ साक्षरता वर्गासाठी
नमस्कार मंडळी, जनता वसाहतीत आमचा छोटा ग्रुप संध्याकाळी बायकांना लिहायला-वाचायला शिकवतो, बहुतेक जणी धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं आटपून येतात त्यामुळे साडेआठच्या आधी वर्ग भरतच नाही. उल्लासची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा द्यायचीये सगळ्यांना, 150 मार्कांची असते, वाचन लेखन आणि संख्याज्ञान. एक मावशी पुस्तक हात लांब करून धरतात, अक्षर येतं पण दिसत नाही, अशा बऱ्याच आहेत, म्हणजे आधी चष्माच पाहिजे! जवळचं वाचायचे चष्मे कमी दरात कोण देतं? मोठ्या टाइपातली सोपी मराठी पुस्तकं कुठे मिळतील? आणि राज्यात इतर जिल्ह्यांत असे वर्ग चालवणाऱ्या संस्थांशी कोणी जोडून देईल का, प्लीज कळवा.